कूतचे कैदी: आकड्यात हरवलेला मराठी शिपाई

आजचा विषय पहिल्या महायुद्धातला आहे, पण फ्रान्समधल्या खंदकांचा नाही. आपण जाणार आहोत इराकला, टायग्रिस नदीच्या एका वळणावर वसलेल्या कूत-अल-अमारा या गावात. तिथे 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. ज्या फौजेने ती ठेवली तिचं अधिकृत नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. हे नाव आधी नीट ऐकू या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात आहे.

या डिव्हिजनचं शांततेच्या काळातलं ठाणं पुण्यात. तिच्या तीन पायदळ ब्रिगेडी होत्या, आणि प्रत्येक ब्रिगेडीत एक मराठा पलटण: सोळाव्यात 117 वी, सतराव्यात 103 वी आणि अठराव्यात 110 वी. त्यांत देशावरचे मराठे होते, कोकणी मराठे होते, दख्खनी मुसलमानही होते. सातारा आणि रत्नागिरी हे भरतीचे बालेकिल्ले. पोरगा अठरा-वीस वर्षांचा, शेतीचा तुकडा अपुरा, घरात कोणीतरी आधीच पलटणीत, म्हणून हाही गेला. लिहिता-वाचता येणारे थोडे. पुढे काय होणार आहे ते समजून घ्यायचं, तर हा लिहिण्या-वाचण्याचा मुद्दाही लक्षात ठेवावा लागेल.

कूतपर्यंत

लढाईचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. नोव्हेंबर 1914 मध्ये ही फौज फाओला उतरली आणि तिने बसरा घेतलं. उद्देश मर्यादित होता: इराणी तेलाची वाट आणि आखाताचं तोंड सांभाळायचं. एप्रिल 1915 मध्ये शैबाची लढाई झाली, तीत मराठा पलटणींनी नाव कमावलं. मग जनरल टाऊनशेंडकडे डिव्हिजनची सूत्रं आली. जूनमध्ये अमारा पडलं, सप्टेंबरअखेर कूत पडलं, आणि विजयाची चटक लागल्यावर जे होतं ते झालं. बगदाद दिसायला लागलं. रसद आणायला पुरेशा बोटी नाहीत, जखमींना न्यायला साधनं नाहीत, हे माहीत असूनही फौज पुढे ढकलली गेली.

नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला गाठ पडली. तिथे साडेचार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून, खडबडीत जमिनीवरून, नदीपर्यंत आणलं. ज्यांनी त्या गाड्या पाहिल्या त्यांनी त्या जन्मभर विसरल्या नाहीत. फौज मागे वळली, 3 डिसेंबरला कूतमध्ये शिरली, आणि तुर्कांनी चार दिवसांत वेढा आवळला.

पीठ, घोडा आणि गावकी

वेढा जवळपास पाच महिने चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांनी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पुन्हा पुन्हा धडका मारल्या. त्यात सुमारे 23 हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेले 13 हजार, आणि त्यांना सोडवताना खर्ची पडलेले 23 हजार! हा हिशेब नुसता वाचला तरी माणूस गप्प होतो.

आत काय चाललं होतं? भूक. आणि त्या भुकेतला एक धागा आपल्याला फार जवळचा आहे. गोऱ्या सोल्जरांना घोड्याचं मांस मिळायला लागलं. हिंदी शिपायांना तेच मांस देऊ केलं, तेव्हा बहुतेकांनी नकार दिला. हिंदू शिपाई नाही म्हणाले, मुसलमान शिपाईही नाही म्हणाले. सरकारने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती तारेने आलीही. तरी शिपाई तयार होईनात.

इंग्रज अधिकाऱ्यांनी याला अंधश्रद्धा म्हटलं. आपण जरा थांबून विचार करू. त्या शिपायाला खरी भीती कुणाची होती? देवाची असेल, पण त्याहून गावाची. घोडा खाऊन परत गेलो तर पंगतीला कोण बसू देईल? बहिणीचं लग्न कोण जमवेल? शंकराचार्यांची तार गावच्या पंचांना दाखवायची कशी? उपाशी मरणं एकट्याचं असतं, वाळीत पडणं सगळ्या घराचं असतं. या हिशेबात मूर्खपणा नव्हता. तो घरी परत जाण्याची आशा असलेल्या माणसाचा हिशेब होता.

त्याची किंमत मात्र शरीराने मोजली. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, पाय उचलत नसत. गोऱ्यांना आधी वेगळा रोग झाला, बेरीबेरी, कारण ते पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते. पुढे त्यांनाही जाडंभरडं पीठ मिळायला लागलं आणि बेरीबेरी कमी झाली. म्हणजे एकाच वेढ्यात, एकाच नदीचं पाणी पिणारी दोन माणसं दोन वेगळ्या रोगांनी खंगत होती, आणि फरक फक्त ताटातला होता. जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा नुकता जन्माला आला होता. एप्रिलमध्ये टाऊनशेंडने दटावलं, बढत्या रोखण्याची धमकी दिली, तेव्हा हजारो शिपायांनी घोड्याचं मांस खायला सुरुवात केली. पण तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

शेवटच्या पंधरा दिवसांत विमानांतून पिठाच्या गोण्या टाकल्या गेल्या. वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न. दळायला जाती हवीत म्हणून जात्याची तळीसुद्धा विमानातून टाकली. पण सगळं मिळून जेमतेम सात-आठ टन. माणशी हिशेब केला, तर दोन आठवड्यांत अर्धा-पाऊण किलो. काही गोण्या नदीत पडल्या, काही तुर्कांकडे. 24 एप्रिलला ‘जुलनार’ नावाची बोट 270 टन सामान घेऊन रात्री निघाली, तीही पकडली गेली. मग लाच देऊन पाहिली. ज्या माणसांनी ती देऊ केली त्यांत पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्सही होता. 20 लाख पौंडांपर्यंत बोली गेली. खलील पाशाने नकार दिला.

कैद

शरणागतीनंतर अकराशेच्या आसपास आजारी आणि जखमी माणसांची अदलाबदल झाली, ती सुटली. बाकीच्यांची वाटणी झाली, आणि या वाटणीत सगळं साम्राज्य दिसतं.

जनरल टाऊनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्याचा कुत्रासुद्धा तुर्कांनी सौजन्याने इंग्रजांकडे परत पाठवला. कैदेत असतानाच, 1917 मध्ये, त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. इंग्रज अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेलं. त्यांचेही पुढे हाल झाले, पण त्यांच्याकडे पैसे होते, नोकर होते, पत्रं होती. परतल्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. त्यातलं एक तर गंमतीदार म्हणून आजही वाचलं जातं: प्लँचेटचं सोंग करून तुर्कांना फसवणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची ती गोष्ट आहे.

साधे शिपाई चालत निघाले. आधी कूतच्या वरच्या अंगाला शुमरानला मुक्काम. तिथे तुर्की फौजेची दगडासारखी बिस्किटं मिळाली. पाच महिने उपाशी असलेल्या पोटांनी ती खाल्ली, आणि पहिल्याच दिवसांत माणसं ओकारी-हगवणीने मरू लागली. मग बगदादपर्यंत सुमारे 160 किलोमीटर. तिथून समारापर्यंत आगगाडी, आणि समाराच्या पुढे पुन्हा पायी: मोसुल, निसिबिन, रास-अल-ऐन. सगळं मिळून सहा-सातशे किलोमीटरची पायपीट, ऐन उन्हाळ्यात, अनेकांच्या पायांत बूट नाहीत कारण ते भाकरीसाठी विकले किंवा हिसकावले गेले. जो मागे पडला तो मागेच राहिला.

रास-अल-ऐन म्हणजे त्या वेळी बगदाद रेल्वेचं टोक. बर्लिन ते बगदाद अशी ही जर्मनांची महत्त्वाकांक्षी लाइन, आणि मधले तुकडे अपुरे. गोऱ्या कैद्यांना बोगदे खणायला पुढे डोंगरात, अनातोलियाकडे नेलं. हिंदी कैद्यांतले पुष्कळ जण रास-अल-ऐनलाच राहिले, जर्मन इंजिनिअरांच्या हाताखाली भराव घालायला आणि रूळ टाकायला. 1916-17च्या हिवाळ्यात तिथे टायफसची साथ आली. उवांमधून पसरणारा हा ताप. अंगावर एकच कपडा, धुवायला सोय नाही, झोपायला तंबू. साथीला आणखी काय लागतं?

आणि त्या माळावर आपली माणसं एकटी नव्हती. 1915-16 मध्ये हाकलून आणलेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्या तिथेच होत्या आणि त्यांची कत्तलही तिथेच झाली. साताऱ्याकडचा एखादा पोरगा विसाव्या शतकातल्या एका भयंकर नरसंहाराच्या शेजारी रूळ टाकत होता.

इथे तुर्कांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे, नाहीतर इतिहास एकतर्फी होईल. हेग करारांत 1899 आणि 1907 साली एक नियम लिहिला गेला होता: पकडणाऱ्या सरकारने कैद्याला आपल्या स्वतःच्या सैनिकाइतकं अन्न, निवारा आणि कपडे द्यावेत. नियम चांगला वाटतो. पण तुर्की शिपाईच जर अनवाणी असेल, उपाशी असेल, टायफसने हजारोंनी मरत असेल, तर? नियम पाळूनही कैदी मरणारच. शिवाय नियम पाळला गेला असंही नाही. पहारेकऱ्यांची मारहाण, लूट, आजारी माणसाला वाटेत टाकून जाणं, हे सगळं घडलं. दारिद्र्य आणि क्रौर्य यांची सरमिसळ झाली की दोष कुठे संपतो आणि नाइलाज कुठे सुरू होतो हे सांगणं कठीण जातं. म्हणूनच पुढच्या काळात, 1929च्या जिनिव्हा करारात, कैद्यांसाठी सविस्तर तरतुदी करण्यात आल्या.

मेले किती?

आता आकडे. गोरे साधे सोल्जर 2,592 कैद झाले, त्यातले 1,755 परत आले नाहीत. म्हणजे शंभरातले जवळपास सत्तर. हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी असे मिळून दहा हजारांहून अधिक कैद झाले, आणि त्यातले तीन हजारांच्या आसपास मेले किंवा बेपत्ता झाले. शंभरातले तीस.

हे आपण प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. प्रमाण पाहिलं तर गोरा सोल्जर जास्त मेला. नॉरफोक, डॉरसेटच्या खेड्यांतून आलेली ती पोरंही गरीबच होती, आणि त्यांचं दुःख कमी लेखायचं काही कारण नाही. आमचं म्हणणं मरणाच्या तुलनेचं नाहीच. आमचं म्हणणं नोंदीचं आहे. गोऱ्या सोल्जराचं नाव, नंबर, मृत्यूची तारीख बहुतेक वेळा कागदावर आली. हिंदी मृतांपैकी मोठ्या भागाचा शेवट कुठे, कधी, कशाने झाला याचा मागच लागला नाही. खेचरवाला असेल तर विचारायलाच नको.

घरच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आपल्याकडे लढाईत शस्त्राने मेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला घालतात. ज्याची तिथी माहीत आहे त्याचं त्या तिथीला. आणि ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला, सगळ्यांबरोबर. पण त्यासाठी आधी तो मेला आहे हे तरी कळायला हवं ना? ‘बेपत्ता’ या एका शब्दावर बाईने कुंकू लावायचं की पुसायचं? 1918 साली युद्ध संपलं, कैदी परतले, तरी कित्येक घरांत हा प्रश्न उघडाच राहिला असणार. इतिहासाच्या पुस्तकात ‘बेपत्ता’ हा एक रकाना असतो, पण घरात ते वर्षानुवर्षं उघडं ठेवलेलं दार असतं.

आवाज कुणाचे उरले?

मग या कैदेबद्दल हिंदी माणसाच्या तोंडून आपल्याला काय ऐकू येतं? जे येतं ते मुख्यतः बंगालीतून. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कूतच्या वेढ्यात होते, कैदेत गेले, आणि मार्च 1917 मध्ये रास-अल-ऐनला कैद्यांची सेवा करताना तापाने वारले. वय अवघं चौतीस. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं जपली गेली, आणि त्यांच्या आजी मोक्षदा देवी यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात असताना नातवाचं चरित्र लिहिलं: ‘कल्याण-प्रदीप’, 1928. या आजी म्हणजे काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या भगिनी. त्या पत्रांतला डॉक्टर सुरुवातीला उत्साही आहे. पुढे पुढे, प्रेतं पाहून पाहून, तो देशाभिमान या कल्पनेवरच प्रश्न उभा करतो. 1915 सालच्या सरकारी नोकराने असं लिहावं हे धाडसच.

दुसरे शिशिर सर्वाधिकारी. बंगाल अँब्युलन्स कोअरमधला हा तरुण स्वयंसेवक. त्याने कैदेत रोजनिशी ठेवली, पानं फाडून बुटांत लपवली, आणि पुढे त्यांवरून ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक झालं. अमिताव घोष यांच्या लेखनामुळे ते अलीकडे पुष्कळांना माहीत झालं आहे.

डॉक्टरला आजी होती, तिच्याकडे लेखणी होती. शिशिरबाबूंकडे स्वतःचीच लेखणी होती. आमच्या 110व्या किंवा 117व्या पलटणीतल्या शिपायाकडे ती नव्हती, आणि त्याच्या आजीकडे तर नव्हतीच. मघाशी आपण लिहिण्या-वाचण्याचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता तो यासाठी. ज्या कोकणातून आणि साताऱ्यातून इतकी माणसं गेली, तिथल्या जात्यावर, घरच्या बोलण्यात काहीतरी उमटलं असेलच. पण ते कागदावर आणण्याचं काम तेव्हाच्या आपल्या शिकलेल्या मंडळींनी फारसं अंगावर घेतलं नाही. 1916 साली मराठी वर्तमानपत्रं होती, मासिकं होती, लेखक होते. शिपाई हा त्यांचा विषय नव्हता. हा दोष इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही.

दगडावरची नावं

इंग्रजांचा दोष वेगळा आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात कूतच्या मृतांचं स्मारक आहे. त्यावर आकडा आहे 5,746. बसरा इथे 1929 मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं, चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी. त्याच्या भिंतींवर गोऱ्या सोल्जरांची नावं कोरली गेली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या: ‘आणि इतर इतके’. ज्या संस्थेने हे स्मारक बांधलं तिचं घोषित तत्त्व होतं की मृत्यूनंतर पद, वंश, धर्म असा कोणताही भेद करायचा नाही. 2021 मध्ये त्याच संस्थेने, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, आपल्याच कारभाराची तपासणी केली आणि माफी मागितली. 45 ते 54 हजार मृतांची आठवण असमान रीतीने जपली गेली, आणि किमान 1 लाख 16 हजार जणांची नावानिशी नोंद झालीच नाही, असं त्या अहवालात कबूल केलं आहे.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून 1914 ते 1919च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. पुन्हा आकडाच. साताऱ्याचं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण कामी आले. मोठ्या स्मारकावर आकडा कोरला तर तो अन्याय ठरतो. गावातल्या पाटीवर तोच आकडा आपण शंभर वर्षं पाहतो आणि पुढे जातो.

युद्धानंतर पलटणींचा मान झाला. 117व्या मराठा पलटणीला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. 1922च्या फेररचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि बेळगाव हे तिचं घर झालं. 103वी तिची पहिली बटालियन झाली, जी आजही जंगी पलटण म्हणून ओळखली जाते. पलटणीला इतिहास मिळाला. रास-अल-ऐनला मेलेला शिपाई त्या इतिहासाच्या समासात राहिला.

शेवटी त्या रुळांबद्दल. रास-अल-ऐनपासून निसिबिनकडे जाणारी लाइन युद्ध संपता संपता पुरी झाली. युद्धानंतर नवे देश आखायची वेळ आली तेव्हा तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यामध्ये सीमा कुठून न्यायची हा प्रश्न आला, आणि या पट्ट्यात रेल्वे हीच सीमा ठरली. आजही नकाशात ती तशीच आहे. रुळाच्या एका बाजूला सीरियातलं रास-अल-ऐन, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तानातलं जेलानपिनार. गेल्या काही वर्षांत त्या भागातल्या लढायांच्या बातम्या आपण वाचल्या. त्या सीमेच्या भरावात हिंदी युद्धकैद्यांचे हात लागले आहेत, त्यांत मराठीही आहेत.

मग आपण काय करायचं? एक साधं काम सुचवतो. आपल्या किंवा आजोळच्या गावात अशी पाटी असेल तर तिच्यासमोर उभे राहा, आकडा लिहून घ्या, आणि गावातल्या वयस्कर मंडळींना विचारा: हे कोण? एखाद्या घरात पेन्शनचा कागद असेल, एखादं पदक ट्रंकेत असेल, एखाद्या आजोबांना आपल्या चुलत्याचं नाव आठवत असेल. कमिशनच्या नोंदवह्या आता इंटरनेटवर शोधता येतात. पलटणीचं नाव घालून पाहा. गावातलं नाव आणि वहीतलं नाव जुळलं, की त्या आकड्यातून एक माणूस बाहेर येईल. त्याची तिथी कदाचित कधीच कळणार नाही. पण सर्वपित्रीला नाव घ्यायला तिथी लागत नाही, नाव लागतं.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.